ऐकणाऱ्याची वही : ‘ऑलमोस्ट फेमस’मागची गोष्ट

‘ऑलमोस्ट फेमस’ हा चित्रपट आला २००० साली, पण त्यातली, रॉक बँडबरोबर दौऱ्यावर जाऊन लिहिणाऱ्या पोराची गोष्ट १९७३ ची आहे आणि दिग्दर्शकाच्याच आयुष्यातली, बरीचशी खरी आहे. दिग्दर्शक कॅमेरून क्रो सॅन दिएगोत वाढला. इयत्ता गाळत पंधराव्या वर्षीच त्याची शाळा संपली. आई शिक्षिका, रॉक संगीत तिला अजिबात मान्य नव्हतं. पोरगा मात्र गावातल्या एका लहानशा पत्रात रेकॉर्डांवर लिहायचा. ती कात्रणं त्याने ‘क्रीम’ या रॉक संगीताच्या मासिकाचा समीक्षक लेस्टर बँग्झ याला पाठवली आणि बँग्झने त्याला जवळ केलं. मला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. अनोळखी पोराचं लिखाण कोणीतरी मन लावून वाचलं.

‘रोलिंग स्टोन’ हे संगीताचं अमेरिकन नियतकालिक १९६७ मध्ये निघालं होतं. तेव्हा बातमीदार कलावंतांबरोबर दौऱ्यावरच राहत, त्यांच्याच बसमधून फिरत. सोळा वर्षांचा क्रो त्याच्यासाठी असाच ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडबरोबर निघाला. मध्येच बँडचा गायक ग्रेग ऑलमनला त्याचा संशय आला आणि त्याने मुलाखतीच्या टेपच काढून घेतल्या. पुढे त्या परत मिळाल्या आणि डिसेंबर १९७३ मध्ये तो लेख मुखपृष्ठावर झळकला. चित्रपटातला स्टिलवॉटर बँड काल्पनिक आहे, पण हातचा लेख जाण्याची ती धास्ती काल्पनिक नाही. या पटकथेला ऑस्कर मिळालं.

सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं जळगावला नवल नाही. १९०७ च्या इथल्या कविसंमेलनात धरणगावचा त्र्यंबक ठोमरे कविता म्हणायला उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन खाली बसला. अमळनेरला साने गुरुजींनी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढलं.

पण क्रोचं काम गाण्याचं नव्हतं, गाणं ऐकून लिहिण्याचं होतं. त्या अर्थाने खान्देशात त्याच्या सर्वांत जवळचे सोपानदेव चौधरी. त्यांच्या आईला, असोद्याच्या बहिणाबाईंना, लिहिता येत नव्हतं. घरकाम करताना, शेतात राबताना त्या गात, आणि सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ टिपून घेत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. टिपणारे हात घरात नसते, तर त्या ओव्या जात्यापाशीच विरल्या असत्या.

आज अहिराणी गाणी मोबाइलवर गावोगाव वाजतात. लग्नात बँजो पार्टी असते, श्रावणात कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी असतात. गाणारे भरपूर आहेत. ती चाल कुठून आली, जुन्या कडव्यात नवं काय घातलं, वाजवणारा कोणाच्या हाताखाली शिकला, हे लिहून ठेवणारं मात्र मला क्वचितच कोणी भेटलं. एखाद्या हळदीच्या रात्री, गाडीवरचे भोंगे बंद झाल्यावर, शिरपूरच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या पोरीने वही उघडून बँजोवाल्याला विचारावं, ‘‘दादा, हाई चाल तुमले कोनी शिकाडी?’’