चिनी मुलं जाड होतच नाहीत?

"चिनी लोक ग्रीन टी पितात म्हणून त्यांची मुलं जाड होत नाहीत" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, पण चीनच्याच 2020 च्या सरकारी अहवालात 6 ते 17 वयातली जवळपास 19 टक्के मुलं जास्त वजनाची किंवा लठ्ठ निघाली, म्हणजे साधारण पाचात एक. चहा आहेच हो, पण सोबत कोल्ड्रिंक, तळलेलं, अभ्यासाची बैठक, आणि गुटगुटीत नातवंड म्हणजे सुदृढ असं तिकडच्या आजीआजोबांनाही वाटतं, त्यांच्यातल्या अनेकांनी उपासमार पाहिलीय. पोटाभोवती चरबी साठली की लहानपणीच बीपी, शुगर, फॅटी लिव्हरचा धोका वाढतो आणि बाहेरून काही कळतही नाही. घरी तपासायचं तर टेप घ्या, सहा वर्षांपुढच्या मुलाची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर डॉक्टरांना दाखवा.