ओल्ड-टाइम हाऊस कॉन्सर्ट

अमेरिकेच्या दक्षिण अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातलं जुनं फिडल-बँजो संगीत, म्हणजे ओल्ड-टाइम, कोणाच्या तरी घरी, बाहेरच्या खोलीत, वीस-पंचवीस फार तर चाळीस-पन्नास लोकांसमोर आणि बहुतेक वेळा माइकशिवाय वाजवायची बैठक. तिकीट सहसा नसतं, दाराजवळ बरणी किंवा टोपली ठेवलेली असते आणि जमलेले पैसे वादकांना जातात, मध्यंतरात लोकांनी घरून आणलेलं खाणं असतं आणि कार्यक्रम संपला की बऱ्याचदा खुर्च्या गोल मांडून श्रोतेही आपापली वाद्यं काढून बसतात.

इथे बँजो म्हणजे आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बेंजो नाही. आपला बेंजो बटणांचा, बुलबुल तरंगच्या घराण्यातला, त्याचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानी ताइशोगोतोत सापडतं. ओल्ड-टाइममधला बँजो पाच तारांचा, गोल कडीवर ताणलेल्या कातड्याचा आणि लांब दांडीचा. त्याची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर बाजूला असते आणि सतारीच्या चिकारीसारखी ती अंगठ्याने मधेमधे छेडली की एकच उंच सूर देत राहते.

ही आखूड तार आली कुठून यावर बराच वाद झालाय. व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सजवळचा जोएल वॉकर स्वीनी (साधारण १८१० ते १८६०) याने पाचवी तार शोधली असं जुन्या पुस्तकांत सर्रास सापडतं, पण साउथ कॅरोलायनातलं अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतलं एक जलरंगातलं चित्र आहे, 'द ओल्ड प्लँटेशन' नावाने ओळखलं जाणारं, त्यात गुलाम म्हणून राबणारा एक माणूस भोपळ्याचा बँजो वाजवताना दिसतो आणि त्या बँजोला आखूड तार स्पष्ट आहे, म्हणजे स्वीनीच्या जन्माआधीच ती होती. त्याने भर घातलीच असेल तर खालच्या सुराच्या लांब तारेची, हे मत आता जास्त धरलं जातं आणि ते पटण्यासारखंही आहे.

त्याच्या मागे गेलं की प्रश्न आणखी गुंततो. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे वाद्य म्हणजेच बँजोचा पूर्वज असं काही अभ्यासक मांडतात, कारण त्यालाही भोपळा, कातडं, तीन तारा आणि त्यातली एक आखूड, शिवाय वाजवायची पद्धत बोटाच्या नखाने खाली मारून मग अंगठ्याने तार सोडायची, जी ओल्ड-टाइममधल्या क्लॉहॅमर पद्धतीच्या फार जवळची आहे. पण पश्चिम आफ्रिकेत अशी तंतुवाद्यं डझनावारी आहेत, आणि डॉक्टर हॅन्स स्लोनने १७०७ मध्ये छापलेल्या जमैकाच्या वर्णनात गुलामांच्या अशा वाद्यांचं चित्र आहे, म्हणून एकच पूर्वज शोधण्यापेक्षा अनेक आफ्रिकी वाद्यांची आठवण कॅरिबियन बेटांवर एकत्र येऊन बँजो घडला, चपटी दांडी आणि खुंट्या युरोपी वाद्यांकडून आल्या, हे म्हणणं जास्त सावध आणि जास्त बरोबर वाटतं. डोंगरात तो मिन्स्ट्रेल खेळांनी (गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करत ते) नेला की काळ्या वादकांकडून थेट गोऱ्या शेजाऱ्यांकडे गेला यावरही दोन मतं आहेत, आणि दोन्ही वाटा खऱ्या असू शकतात.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, फरक वाजवण्यात आणि सूर लावण्यात. नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी ए-ई-ए-ई किंवा ए-डी-ए-ई असं लावतात, म्हणजे शेजारच्या मोकळ्या तारा सतत गुंजत राहतात. ए ला सा धरलं तर ए-ई-ए-ई म्हणजे सा-प-सा-प, कर्नाटक पद्धतीत व्हायोलिन लावतात ती हीच मांडणी. बँजोही प्रत्येक पट्टीसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून हाऊस कॉन्सर्टमध्ये एका पट्टीच्या चार-पाच चाली सलग वाजतात आणि पट्टी बदलताना सूर लावण्याच्या वेळात वादक ती चाल कोणाकडून शिकला ते सांगतो. चाल दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, आणि अशी आवर्तनं दहा-पंधरा सहज होतात. एकेकाने पुढे येऊन आपली करामत दाखवायची पद्धत ब्लूग्रास या नंतरच्या शैलीत आहे, इथे फिडल आणि बँजो दोघं शेवटपर्यंत एकच चाल एकत्र वाजवतात.

घरातलं हे वादन मुळात नाचासाठी होतं. खोलीतलं सामान बाहेर काढायचं आणि वादकाने दोन खोल्यांमधल्या दारात बसायचं म्हणजे दोन्हीकडे ऐकू जातं, अशा आठवणी जुन्या वादकांनी सांगितल्यात. नॉर्थ कॅरोलायनाच्या सरी काउंटीतल्या राउंड पीक भागात नाताळच्या सुमारास रोज वेगळ्या घरी नाच व्हायचा, त्याला 'ब्रेकिंग अप ख्रिसमस' म्हणत. आजची शांत बसून ऐकायची बैठक या नाचाची थेट वारस आहे असं काहीजण मानतात, मला मात्र तिचं आजचं रूप १९५०-६० नंतरच्या लोकसंगीताच्या नव्या लाटेतून आलेलं वाटतं, कारण तेव्हा शहरातली तरुण मुलं डोंगरातल्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन बसू लागली. राउंड पीकचे टॉमी जॅरेल (१९०१ ते १९८५) यांच्या टोस्ट गावातल्या घरी अशी मुलं दुरून येऊन राहायची आणि ऐकून शिकायची. १९८२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला.

काळ्या वादकांच्या घरातल्या बैठकांबद्दल मात्र लिहिलेलं फार कमी सापडतं आणि ही उणीव मोठी आहे. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी फिडल-बँजो गोऱ्यांच्या यादीत टाकलं आणि काळ्यांकडून मुख्यतः ब्लूज मागितलं, त्यामुळे बँजो ज्यांनी आणला त्यांचंच वादन कमी नोंदलं गेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबेनचे फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८ ते २०१२) हे या परंपरेतले शेवटच्या काहींपैकी एक. चुलतभाऊ ओडेल थॉम्पसन बँजोवर असत. २००५ पासून रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघं त्यांच्या घरी जाऊन शिकले, नोटेशन नाही, तीच चाल ते पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि हे मागोमाग, त्यातूनच कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला.