मागच्या चाकाचे डावे-उजवे

सायकलचे मागचे चाक मागून पाहिले, तर रिम फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसते. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन कडा मात्र तिच्यापासून सारख्या अंतरावर नसतात. उजवीकडे दातेरी चक्रांना जागा द्यावी लागत असल्याने तिकडची कडा आत सरकलेली असते आणि तिच्यातून निघणारे आरे जवळजवळ उभे राहतात, तर डावीकडचे अधिक तिरपे येतात. उभा आरा रिमला बाजूला फारसा ओढू शकत नाही, म्हणून त्याला जास्त ताण द्यावा लागतो. उजवी कडा मध्यापासून २० मिलिमीटर आणि डावी ३५ मिलिमीटरवर असेल, तर उजव्या आऱ्यात १२० किलो वजनाइतका ताण असताना डाव्याला ७० किलोंहून कमी ताणच पुरतो. मागच्या चाकाच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ मला या असमानतेत दिसते.

दोन मिलिमीटर जाडीची तार नुसत्या दाबाने वाकेल. आरा भार सोसतो तो आधीपासून ताणलेला असतो म्हणून: जमिनीलगत आल्यावर त्याचा ताण कमी होतो, पण संपत नाही. डाव्या आऱ्यांत ही शिल्लक थोडी असल्याने खड्ड्यात आदळताना ते क्षणभर सैल पडतात आणि त्यांची निपले, म्हणजे आऱ्याला रिमशी धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या छोट्या टोप्या, हळूहळू सुटू लागतात. प्रत्येक फेऱ्यात ताण असा कमी-जास्त होत राहिल्यामुळे धातू थकतो आणि आरा बहुधा हबजवळच्या वळणावर तुटतो.

पायडलचा जोर हबकडून रिमपर्यंत पोचवणे हेही याच चाकाचे काम. त्यासाठी आरे तिरके, हबच्या स्पर्शरेषेच्या दिशेने बसवतात. अशा रचनेचे पेटंट जेम्स स्टार्ले यांनी १८७४ मध्ये घेतले होते.

आऊट, म्हणजे फिरताना रिमचे बाजूला किंवा वर-खाली डगमगणे, काढताना रिम डावीकडे गेलेली असेल, तर त्या जागचे उजवे आरे पाव फेरा आवळून डावे तेवढेच सैल करावेत. नुसते आवळत गेल्यास रिम तेथे हबकडे खेचली जाते आणि बाजूचा आऊट निघून वर-खालीचा उरतो. निपल फिरवताना आरा स्वतःही पिळला जातो, म्हणून ते किंचित पुढे नेऊन मागे आणावे, नाहीतर पहिल्याच फेरीत पीळ उलगडून आऊट परत येतो. (घाईत सोडली जाते ती नेमकी हीच पायरी.) शेवटी प्रत्येक आरा बोटाने छेडून पाहावा. डावे आरे उजव्यांपेक्षा खालच्या स्वरात वाजणे हा दोष नव्हे; एकाच बाजूच्या आऱ्यांत एखादा बद्द वाजला, तर मात्र तो सैल आहे.