तोंडातली पेशी शेजारणीचं ऐकेनाशी होते तेव्हा

"आमच्या घराण्यात कुणालाच कॅन्सर नाही, मग मला कशाला होतोय!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. कॅन्सर जीनमुळे होतो हे लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं, आणि जीन म्हटलं की आईबापाकडून आलेली इस्टेट, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बिघडणारे जीन बहुतेक वेळा जन्मतः ठणठणीत असतात, पुढे तंबाखू, सुपारी, दारू यांच्या संगतीत गालाच्या आतल्या एखाद्या पेशीत ते बिघडतात आणि ती बिघडलेली प्रत फक्त त्या पेशीच्याच पुढच्या पिढ्यांत जाते, तुमच्या मुलाबाळांत नाही. आणि सुपारीला काय होतंय म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, म्हणजे तंबाखू नसलेल्या, २००४ सालीच कॅन्सरकारक ठरवलंय.

बरं, जीन बिघडला म्हणजे होतं काय? तर पेशी मनाला येईल तसं वागत नसते. वाढायचं, थांबायचं की मरायचं याचे निरोप तिला बाहेरून येतात, अंगावरचे रिसेप्टर ते झेलतात आणि आतली प्रोटीनं ते हातोहात डीएनएपर्यंत पोचवतात. वाढीचा निरोप देणारं ईजीएफ नावाचं एक प्रोटीन स्टॅन्ली कोहेन यांना सापडलं ते उंदराच्या लाळग्रंथीत, त्या ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडायला लागले! १९८६ चं नोबेल याच कामाला. आपल्याही लाळेत ईजीएफ असतं, तोंडातल्या जखमा भराभर भरतात त्यात त्याचाही हातभार. पण तोंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पेशीवर ईजीएफचे रिसेप्टर गरजेपेक्षा फार जास्त झालेले असतात, म्हणजे निरोप तेवढाच पण कान शंभर. दुसरीकडे पी५३ हे पहारेकरी प्रोटीन, जे डीएनए बिघडला की पेशीला थांबवतं नाहीतर मारतं, तेही बहुतेक ट्यूमरमध्ये, म्हणजे कॅन्सरच्या गाठींमध्ये, कामातून गेलेलं असतं.

हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मला खरं बोलायचंय ते नॉच नावाच्या रिसेप्टरबद्दल.

नॉच म्हणजे खाच. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत थॉमस मॉर्गन या जीनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काही फळमाश्यांच्या पंखांच्या कडेला खाचा पडलेल्या दिसल्या, त्यावरून जीनचं नाव पडलं. हा रिसेप्टर बाकीच्यांसारखा लांबून तरंगत आलेला निरोप सहसा घेतच नाही. शेजारच्या पेशीच्या अंगावर डेल्टा किंवा जॅग्ड नावाचं प्रोटीन असतं, ते नॉचला पकडतं, आणि मग शेजारीण ते चक्क स्वतःच्या आत ओढायला लागते. या ओढाताणीत नॉचचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो, एक एन्झाइम, म्हणजे कात्रीसारखं काम करणारं प्रोटीन, तिथे बाहेरून कापतं, मग गॅमा सिक्रिटेज नावाचं दुसरं एन्झाइम पेशीच्या पडद्याच्या आतच दुसरा काप घेतं, आणि नॉचची आतली शेपटी सुटी होते. ती थेट केंद्रकात जाते, डीएनएवर बसलेल्या एका जोडीदार प्रोटीनला चिकटते आणि जीन चालू करते. मधे कुणी निरोप्या नाही, रिसेप्टरचा तुकडा हाच निरोप! आणि एकदा कापला की तो रिसेप्टर संपला, पुन्हा वापरता येत नाही. मला तरी पेशीतली यापेक्षा देखणी यंत्रणा माहीत नाही.

आता हे तोंडात कशाला लागतं? गालाच्या आतल्या अस्तरात सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी विभाजन करत राहतात, त्यातल्या काही वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. वर निघालेल्या पेशीला "आता विभाजन बास, मोठी हो" हे सांगायचं काम बरंचसं नॉच करतो. नॉच तुटला की पेशी वर जायचं नाव घेत नाही, खालीच पोरं काढत बसते. २०११ साली दोन टीमनी डोक्यामानेच्या कॅन्सरचे (यात तोंडाचाही आला) जीन वाचले तेव्हा साधारण १५ टक्के ट्यूमरमध्ये नॉच१, म्हणजे नॉचचाच एक प्रकार, बिघडलेला निघाला, आणि बिघाडाची तऱ्हा अशी की तो बंदच पडावा. गंमत म्हणजे त्याआधी २००४ मध्ये टी पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कॅन्सरमध्ये हाच जीन अर्ध्याहून जास्त पेशंटमध्ये बिघडलेला सापडला होता, पण तिथे तो कायमचा चालू! एकीकडे ब्रेक, दुसरीकडे ॲक्सिलरेटर, म्हणून "कॅन्सरचा जीन सापडला" अशी हेडलाईन दिसली की मी आधी विचारतो, कुठल्या पेशीत?

याचा फटका माणसांना बसलाही. अल्झायमरवर गॅमा सिक्रिटेजला अडवणारं सेमागासेस्टॅट नावाचं औषध येणार होतं, कारण मेंदूत साचणारा अमायलॉइड हेच एन्झाइम तयार करतं. २०१० मध्ये ट्रायल बंद करावी लागली, स्मरणशक्ती उलट घसरली आणि कातडीचे कॅन्सर वाढले. कातडीलाही नॉच लागतो ना.

जाता जाता, "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" या भीतीने लोक बायोप्सी टाळत महिने घालवतात. पेशी पसरते ती आतल्या अशा बिघाडांच्या जोरावर, आणि तेवढा वेळ तिला आपणच देतो. तोंडातला फोड दोन आठवडे बरा झाला नाही तर डॉक्टरला दाखवा, मंतरलेलं पाणी आणि डिटॉक्सचे मेसेज नंतर वाचा.

नॉचची इथपर्यंतची गोष्ट सरळ होती. पण २०१८ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या टीमने ९ जणांच्या अगदी निरोगी अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासले, तर नॉच१ बिघडलेल्या पेशींनी भलीमोठी जागा व्यापलेली, आणि याच अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये मात्र हा बिघाड त्यापेक्षा कमी! पुढे उंदरांवर पाहिलं तर नॉच१ नसलेल्या अन्ननलिकेत ट्यूमर उलट छोटेच राहिले. तोंडापासून वीतभर खाली, त्याच जातीचं अस्तर, आणि बिघडलेला नॉच तिथे जागा अडवून वाईट पेशींनाच वाढू देत नाही की काय, अशी शंका आता घेतली जातेय.