साटीनचा झगा, वाकलेला तरुण आणि तुमच्या घरातलं जुनं चित्र

फ्रेम बदलायला येणाऱ्या जुन्या चित्रांत एक प्रकार हटकून असतो. श्रीमंती दिवाणखाना, सोनेरी पायांचा सोफा, साटीनच्या झग्यातली तरुणी, आणि तिच्या कानाशी वाकलेला, केसांना पावडर लावलेला तरुण. ‘हे अडीचशे वर्षांपूर्वीचं असेल ना?’ असं हमखास विचारलं जातं.

झगा तेवढा जुना, चित्र नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा फेदेरिको आंद्रेओत्ती (१८४७–१९३०) किंवा १८५८ साली तिथल्याच मोदेना शहरात जन्मलेला व्हित्तोरिओ रेज्जानिनी हे चित्रकार स्वतःच्या आजोबा-पणजोबांच्या काळातले पोशाख रंगवत. त्यांच्या स्वतःच्या काळात पुरुष काळे कोट घालून हिंडत. त्यात रंगवण्यासारखं होतं तरी काय? युरोप-अमेरिकेतल्या नव्या श्रीमंतांना मात्र जुन्या सरदारी थाटाचं भारी आकर्षण होतं, आणि घरात टांगायला विषयही सोज्वळ: नुसती नजरानजर.

रेज्जानिनीचं साटीन जवळून बघाच. घडीच्या कडेवर पांढऱ्याची एक फटकार, शेजारी करडी सावली, की कापड सळसळतं. बाकी कथा वस्तू सांगतात. पत्र, पंखा, गाण्याची वही ही जवळ येण्याची निमित्तं. कधी कोपऱ्यात एखादी वडीलधारी बाई पेंगत असते. खरंच पेंगते की काय, ते चित्रकारालाच ठाऊक!

आता तुमच्याकडचं चित्र अस्सल की छापील? भिंग लावा. रंगांचे बारीक ठिपके दिसले तर छपाई. नुसत्या खडबडीतपणावर मात्र जाऊ नका. ऑलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या, दगडावरून छापलेल्या रंगीत चित्रावर, कॅनव्हाससारखा पोत दाबून उठवत आणि वरून वॉर्निश फिरवत. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रं याच शिळाछापाच्या घराण्यातली. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील निघालं म्हणून हिरमुसू नका, जुन्या छपाईचेही शौकीन आहेत.

चित्र ओल्या फडक्याने पुसू नका. कापलेल्या बटाट्याने तर मुळीच नाही. त्या उपायाने चिकट झालेली चित्रं आम्ही पाहिली आहेत. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवाच, तोही आम्लविरहित पुठ्ठ्याचा.

दुकानात आणताना पाठीमागचा कागद फाडू नका. त्यावरचा शिक्का किंवा चिठ्ठी कधीकधी चित्रापेक्षा जास्त सांगते.