डव्हटेल करवत

डव्हटेल करवत : लाकडी पेट्या, खण (ड्रॉवर) आणि कपाटे यांच्या कोपऱ्यांतील डव्हटेल सांधा कापण्याची लहान, पाठीची करवत. पात्याची लांबी साधारण 200 ते 250 मिमी (8 ते 10 इंच), जाडी 0.4 ते 0.5 मिमीच्या आसपास आणि दर इंचाला 14 ते 20 दात, अशी तिची नेहमीची मापे असतात. इतके पातळ पाते नुसते धरून ढकलले तर वाकते. म्हणून त्याच्या वरच्या कडेवर पितळेची किंवा पोलादाची जड पट्टी घट्ट बसवतात. हीच तिची पाठ. पाठीखाली पात्याची उंची 38 ते 50 मिमी उरते आणि तेवढ्याच खोलीपर्यंत ही करवत उतरू शकते. डव्हटेलला याहून खोल काप बहुधा लागतच नाही.

सांध्याचे नाव पारव्याच्या पसरलेल्या शेपटीवरून पडले. एका फळीच्या टोकाला पुढे रुंद होत जाणाऱ्या शेपट्या कापतात, दुसरीच्या टोकाला त्यांच्यामध्ये बसणाऱ्या खुंट्या. दोन्ही एकमेकांत बसल्या की शेपटीच्या उतारामुळे फळी ओढून निघत नाही. खणाचा दर्शनी भाग रोज ओढला जाऊनही वर्षानुवर्षे सुटत नाही, तो यामुळेच. प्राचीन इजिप्तमधील लाकडी सामानातही हा सांधा आढळतो. मऊ लाकडात शेपटीचा उतार 1:6 आणि कठीण लाकडात 1:8 ठेवण्याचा युरोपातील सुतारांचा जुना प्रघात आहे.

करवत निवडताना या सांध्यातील एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. शेपटी असो वा खुंटी, काप फळीच्या टोकापासून सुरू होऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने खाली जातो. म्हणजे काम आडव्या कापाचे नाही, उभ्या चिरणीचे आहे. त्यामुळे डव्हटेल करवतीचे दात चिरणीच्या करवतीसारखे, पटाशीच्या धारेप्रमाणे सरळ घासलेले असावे लागतात. आडव्या कापासाठी तिरपे घासलेले दात इथे हळू चालतात. दुकानात ‘बारीक दातांची पाठीची करवत’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक करवती आडव्या कापाच्या असतात, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी दात उजेडात धरून पाहावेत.

पातळ आणि एकसारख्या पात्यांच्या मागे पोलादाचा इतिहास आहे. बेंजामिन हंट्समन याने 1740 च्या दशकात शेफील्डमध्ये मुशीत (भट्टीतल्या भांड्यात) पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि पुढे ते शहर इंग्लंडमधील करवत-उद्योगाचे केंद्र बनले. अमेरिकेत हेन्री डिस्टनने 1840 मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा कारखाना काढला. विसाव्या शतकात विजेची यंत्रे आल्यावर चांगल्या पाठीच्या करवती मिळणे दुर्मीळ झाले. 1990 च्या दशकात अमेरिकेतील इंडिपेंडन्स टूल या छोट्या उद्योगाने जुन्या धर्तीची, पितळी पाठीची डव्हटेल करवत पुन्हा घडवली. पुढे मेन राज्यातील ली-नीलसन या कंपनीने तोच नमुना चालू ठेवला. आज या प्रकारच्या हातकरवतीला जी मागणी आहे, तिची सुरुवात बऱ्याच अंशी तिथून झाली.

करवत घेणारा माणूस सहसा पहिल्यांदा दातांची संख्या विचारतो, मग पोलाद आणि मूठ शेवटी. क्रम उलटा असायला हवा. दात कानशीने पुन्हा घासता येतात आणि त्यांची फाक, म्हणजे दोन्ही बाजूंना दिलेला बाक, कमी करता येते. बोथट करवत धारदार होते. मूठ हातात बसत नसेल तर मात्र प्रत्येक कापात तो दोष उतरत राहतो, म्हणून पहिली परीक्षा मुठीची.

पिस्तुलासारख्या उघड्या मुठीत तीन बोटे आत जातात, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ पुढे राहते आणि अंगठा दुसऱ्या बाजूने टेकतो. ही पुढे केलेली तर्जनी शोभेसाठी नसते. बोट जिकडे रोखले जाते तिकडे मनगट आपोआप वळते आणि करवत सरळ चालते. चारही बोटे मुठीत कोंबली की मनगट आखडते. मूठ पाहताना तिच्या वरच्या आणि खालच्या शिंगामधली (टोकदार कोपऱ्यांमधली) जागा बघावी. तीन बोटे तिथे ना दाटीने ना सैल, अशी मावली पाहिजेत. रुंद तळव्याच्या माणसाला लहान मूठ करंगळीपाशी टोचते. लहान हाताला मोठी मूठ घसरते, आणि घसरू नये म्हणून तो हात करवत आवळून धरतो. आवळलेली करवत वाकडी जाते. पाखराचे पिल्लू धरावे तितक्याच हलक्या हाताने ती धरता आली पाहिजे. कारखान्यातील मुठी बहुधा एकाच मापाच्या असतात, त्यामुळे लहान हाताच्या माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी आणि शिकाऊ मुलांनी, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लाकडी मूठ किंचित मोठी असेल तर अर्धगोल कानशीने आणि पॉलिश पेपरने ती आपल्या हातापुरती उतरवता येते. लहान मूठ वाढवता येत नाही.

मुठीचा कल हा दुसरा मुद्दा. दातांच्या ओळीशी मूठ किती कोनात उभी आहे यावर हाताचा जोर पुढे जाणार की खाली, हे ठरते. हा कल माणसाच्या उंचीपेक्षा कामाच्या उंचीशी जास्त बांधलेला आहे. शिकंज्यात फळी कोपराच्या उंचीला उभी धरली तर हाताचा पुढचा भाग जवळजवळ आडवा राहतो. कामाचा ओटा कमरेइतका असेल तर तोच भाग वरून तिरपा खाली येतो. दातांची ओळ दोन्ही वेळा आडवीच हवी, म्हणून मधला फरक मुठीने भरून काढायचा असतो. मुठीने तो भरला नाही तर मनगटाला भरावा लागतो. एकाच्या ओट्यावर सुरेख चालणारी करवत दुसऱ्याच्या ओट्यावर अडखळते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. पारखायची सोपी रीत अशी : आपल्या नेहमीच्या उंचीवर फळी बांधावी, डोळे मिटून करवत फळीच्या टोकावर टेकवावी आणि मग डोळे उघडावेत. कोपर, मनगट आणि पाते एका सरळीत आले आणि दातांची ओळ आडवी असली, तर मूठ आपली.

खरादावर कातलेल्या सरळ, गोल मुठीची करवतही मिळते. इंग्रजीत तिला जेंट्स सॉ म्हणतात. ती स्वस्त असते आणि छोट्या डब्यांच्या कामाला चालते. पण गोल मूठ हातात फिरली तरी कळत नाही, त्यामुळे पाते उभे आहे की कलले आहे याची खूण हाताला मिळत नाही. पहिली करवत म्हणून ती घेऊ नये.

भारतात आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि परदेशी पुस्तकांत त्याचे उत्तर सापडत नाही. महाराष्ट्रातील कितीतरी सुतार आजही जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करतात. भारतातील अनेक पारंपरिक करवतींचे दात मुठीकडे वळलेले असत आणि त्या ओढताना कापत. बसून काम करताना ओढण्याचा जोर अंगात सहज येतो, ढकलण्याचा येत नाही. इंग्लिश घडणीची, ढकलून कापणारी पिस्तुल-मुठीची करवत उभ्या माणसासाठी आणि शिकंज्यासाठी घडलेली आहे. बैठ्या कामाला दोझुकी ही ओढून कापणारी जपानी करवत अधिक जवळची ठरते. तिचीही पाठ पोलादी असते, मूठ लांब व सरळ असते आणि पाते जेमतेम 0.3 मिमी जाड असते. ओढताना पाते ताणात राहते, म्हणून इतके पातळ असूनही ते वाकत नाही.

दोझुकीची अडचण लाकडात आहे. तिचे दात बारीक, टोकदार आणि बहुतेक आडव्या कापाच्या धर्तीचे असतात. देवदार, पाइन यांत ती लोण्यासारखी चालते, पण शिसव किंवा बाभळीत घाई केली की दात तुटतात. हल्लीच्या बऱ्याच पात्यांचे दात विजेने कडक केलेले असतात. ते घरी कानशीने घासता येत नाहीत, पातेच बदलावे लागते. सागवानाबाबत तर हा विचार अगत्याने करावा. सागात सिलिका असते आणि ती कोणत्याही हत्याराची धार लवकर उतरवते. रोज सागात काम करणाऱ्याने कानशीने घासता येतील असेच दात घ्यावेत.

दातांची संख्या फळीच्या जाडीवरून ठरवावी. 12 मिमीच्या फळीत दर इंचाला 15 दातांची करवत चालवली तर एका वेळी सात दात लाकडात असतात. ती चाल नितळ असते. 20 मिमीच्या फळीत 20 दातांची करवत घेतली तर पंधरा-सोळा दात एकदम लाकडात असतात, त्यांच्यामधल्या इवल्याशा खाचा भुशाने भरतात आणि करवत कापण्याऐवजी घासत राहते. उलट 6 मिमीच्या फळीत जाड दात अडकतात आणि कड उडवतात. घरगुती पेट्या आणि खण यांसाठी 14 ते 16 दात पुरेसे आहेत. 20 दातांची करवत दागिन्यांच्या डब्यांसारख्या पातळ कामासाठी ठेवावी. मोजणीच्या दोन पद्धती आहेत हेही लक्षात असू द्यावे : काही कंपन्या इंचातले पूर्ण दात मोजतात, काही टोके मोजतात, आणि टोकांची संख्या नेहमी एकाने जास्त भरते.

दाताची पुढची कड सरळ उभी असेल तर करवत जोमाने कापते, पण काप सुरू करताना ठेचकाळते. ती कड थोडी मागे कललेली असेल तर सुरुवात सोपी होते आणि वेग जरा कमी होतो. नवशिक्याने दुसरा प्रकार निवडावा. कापाची पहिली रेघच बिघडली तर पुढे ती सुधारत नाही.

पाते जितके पातळ तितका काप बारीक आणि श्रम कमी, पण हात चुकला तर असे पाते वाकते किंवा त्याला कायमची पीळ बसते. आणखी एक व्यावहारिक अडचण क्वचितच सांगितली जाते. शेपट्यांमधले नको असलेले लाकूड फ्रेट सॉने (अगदी अरुंद पात्याच्या करवतीने) काढायची सवय असेल, तर त्या करवतीचे पाते डव्हटेलच्या कापातून खाली उतरले पाहिजे. काप फारच बारीक असला तर ते उतरत नाही. पटाशीने लाकूड काढणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही. पितळी पाठ सहसा पोलादी पाठीपेक्षा जड भरते. ते वजन करवतीला खाली नेते, वरून दाब द्यावा लागत नाही. पण वजन टोकाकडे जास्त असेल तर मनगट दुपारपर्यंत थकते. काही करवतींचे पाते टोकाकडे कमी उंचीचे ठेवलेले असते. पाठ आडवी धरली की काप आपल्या बाजूला आधी खोल जातो आणि पलीकडची, न दिसणारी रेघ ओलांडली जात नाही.

नवी करवत आणल्यावर तिची परीक्षा आपल्याच कामाच्या लाकडावर करावी. फळीच्या टोकावर गुण्याने दहा रेघा माराव्यात आणि एकामागून एक कापाव्यात. काप कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेला तर हात अजून बसायचा आहे. दहाही काप एकाच बाजूला गेले तर त्या बाजूच्या दातांची फाक जास्त आहे. फाक म्हणजे दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवलेले असणे, आणि डव्हटेलला ती प्रत्येक बाजूस 0.05 ते 0.08 मिमी पुरते. पाते सपाट ठेवून ज्या बाजूला काप झुकतो त्या बाजूच्या दातांवरून धारेचा बारीक दगड एकदाच, अगदी हलका फिरवावा आणि पुन्हा काप घेऊन पाहावा. दुसऱ्यांदा दगड फिरवायची गरज बहुधा लागत नाही.