पार्श्वभूमी : घरी काडतुसे भरण्याच्या अमेरिकी परंपरेची

अमेरिकेत गॅरेजमध्ये किंवा तळघरात मेजाला दाबयंत्र बसवून, उडवून झालेली काडतुसे पुन्हा भरणारे अनेक नेमबाज आणि शिकारी आहेत. नवख्याला हा हौशी कारागिरीचा प्रकार वाटतो. मात्र त्याची मुळे हौसेपेक्षा काटकसरीत आणि टंचाईत अधिक खोल गेलेली दिसतात.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात ‘पुन्हा भरणे’ असा वेगळा प्रकार नव्हताच. शिसे वितळवून गोळ्या ओतणे आणि दारू मोजून नळीत ठासणे हे बंदूक बाळगणाऱ्याचे नेहमीचेच काम होते. गोळी, दारू आणि ठिणगी देणारे मिश्रण एकाच धातूच्या पुंगळीत बसवणारे काडतूस आले, तेव्हा हे काम कारखान्याकडे गेले. स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये आणलेल्या .22 काडतुसात ते मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असे आणि घोड्याच्या आघाताने ती कडच चेपली जाई, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नसे. (कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातले काडतूस याच घराण्यातले आहे.)

खरा फरक पडला तो 1860 च्या दशकात, प्रायमर, म्हणजे ते ठिणगी देणारे मिश्रण असलेली छोटी टोपी, पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी वेगळा बसवला जाऊ लागल्यावर. अमेरिकेचे हायरम बर्डन आणि ब्रिटनचे एडवर्ड बॉक्सर यांनी त्याच्या दोन रचना मांडल्या. बर्डनच्या रचनेत ऐरण (जिच्यावर चेपले जाऊन मिश्रण पेटते तो टणक भाग) पुंगळीतच घडवलेली असून तिच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरमध्ये असते आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र राहते, ज्यातून सुई घालून जुना प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. गंमत अशी की अमेरिकेने ब्रिटिश माणसाची रचना उचलली आणि युरोपातील सैन्यांत अमेरिकी माणसाची रुजली. काडतुसात सर्वांत महाग भाग पितळी पुंगळी, आणि ती वाचवणे बॉक्सरच्या रचनेमुळे सोपे झाले. ही सवय अमेरिकेत एवढी का टिकली, याचे मोठे कारण माझ्या मते त्या एका छिद्रात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्यातही सरावासाठी पुंगळ्या पुन्हा भरल्या जात. 1884 मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ कंपनी काढून काडतुसे भरायचे चिमट्याच्या आकाराचे अवजार आणि माहितीपुस्तिका विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. काळी दारू मापट्याने मोजून भरली तरी चालून जाई. नव्या दारूत मात्र थोड्याशा जास्तीनेही दाब धोकादायक पातळीवर जात असल्याने तराजू आणि छापील तक्ते यांच्यावाचून पुढे जाता येईना. त्यातच त्या काळच्या प्रायमरमधील पाऱ्यामुळे पितळ ठिसूळ होई.

आजचा छंद घडला तो दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर. गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 मध्ये कुटुंबाच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूला गोळ्या घडवण्याचे साचे बनवायला घेतले. त्या गोळ्यांचे बाहेरचे आवरण म्हणून ते .22 च्या रिकाम्या पुंगळ्या वापरत. म्हणजे पुन्हा न भरता येणारी पुंगळीही अखेर कामी आली. त्यांची ‘आरसीबीएस’ कंपनी यातूनच उभी राहिली. युद्ध संपताच कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडे उरलेली रायफलीची दारू मोठ्या प्रमाणावर घेतली, ती रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली आणि टपालाने मागणी घेऊन स्वस्तात विकली. जोइस हॉर्नडी यांनी 1949 मध्ये नेब्रास्कात गोळ्यांचा कारखाना सुरू केला. 1958 मध्ये आलेला, हातोडीने ठोकून वापरायचा ‘ली लोडर’ तर ज्याला दाबयंत्र परवडत नव्हते त्यालाही घेता आला.

अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही, विक्रीसाठी उत्पादन करायला लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद इथे घरोघरी पसरण्याचा प्रश्न उद्भवला नाही. अमेरिकेतही घरचे भरणे कारखान्यापासून पूर्णपणे सुटलेले नाही. 2020 नंतरच्या टंचाईत पुंगळ्या आणि साचे हाताशी असूनही अनेकांची यंत्रे थांबली, कारण बाजारात प्रायमरच मिळत नव्हते.